कुणाचीच नसलेली खुर्ची

"खुर्चीचा फोटो काढू नकोस," असं आई म्हणाली होती. कारण तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्या घरात आई एकूणच बऱ्याच गोष्टी करू नकोस म्हणत असते. ओल्या पायांनी फिरू नकोस, उपाशीपोटी वाद घालू नकोस, त्यातलंच हे एक समजून मी फोटो काढला.

आता मुळात खुर्चीचा फोटो का काढावा लागला, हे सांगायला हवं. माझ्या बायकोनं मला 'सहज दिसलं' नावाच्या एका ऑनलाइन समूहात घातलं. तिथे लोक रोजच्या आयुष्यात दिसलेल्या लहानसहान नवलाच्या गोष्टी टाकतात आणि बाकीचे त्यावर मनाला येईल ते लिहितात. कुणाच्या टोमॅटोला नाक असतं. कुणाच्या कचेरीत 'ढकला' लिहिलेला दरवाजा ओढावा लागतो. कुणाला बुटाच्या खोक्यात तीन बूट मिळतात, आणि तिन्ही डाव्या पायाचे. त्याखाली शेकडो लोक 'अरेच्चा', 'कमाल आहे', 'आमच्याकडेही' असं लिहून आपापल्या कामाला लागतात. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बायकोनं टाकलेल्या वाकड्या चमच्याला साडेतीनशे लोकांनी दाद दिली, आणि त्या संध्याकाळी जेवताना ती माझ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलली, तेव्हा मी हा विषय गांभीर्यानं घेतला.

माझे पहिले प्रयत्न फसले. आमच्या इस्त्रीवर एक डाग आहे, तो मला बदकासारखा दिसतो. समूहातल्या एकाला तो डागासारखा दिसला आणि बाकीच्यांना दिसलाच नाही. मग मी फणीत अडकलेल्या एका बटणाचा फोटो टाकला. त्यावर एका बाईंनी 'फणी धुवा' एवढंच लिहिलं. एका जबाबदार नोकरीत अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी चारचौघांत फणी धुवायला सांगावी, हे बरं नाही. बायकोनं त्या प्रतिक्रियेला अंगठा दिला, हे तर मुळीच बरं नाही.

तर खुर्ची. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे जिना जिथे वळतो तिथे एक लाकडी खुर्ची होती. हात नसलेली, पाठीला तीन उभ्या पट्ट्या, बसून बसून मधे खोलगट झालेली. मला कळायला लागल्यापासून ती तिथेच होती. ती कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिच्यावर बसायची फक्त माझी आई.

आईचे गुडघे गेलेत. रोज संध्याकाळी समोरच्या बागेत तिची मैत्रीण, म्हणजे निवृत्त मास्तरीणबाई, बाकावर वाट बघत असते. आई उतरताना एकदा आणि चढताना एकदा त्या खुर्चीवर बसते, दम खाते, पदरानं तोंड पुसते आणि पुढे निघते. पायरीवर बसून चालत नाही, कारण एकदा खाली बसली की तिला उठवायला दोन माणसं लागतात. थोडक्यात, खुर्ची होती म्हणून आईची संध्याकाळ होती. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. तरी मी फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'आमच्या जिन्यात वर्षानुवर्षं ही खुर्ची आहे. ती कुणाचीच नाही. कुणी ठेवली, का ठेवली, कुणालाही माहीत नाही.'

मग जे झालं त्याची माझी तयारी नव्हती. मी चहा घेऊन येईपर्यंत शंभरावर लोक जमले होते. 'बसून बघितलंत का?' 'अजिबात बसू नका.' 'डावा मागचा पाय आखूड वाटतो.' एकानं लिहिलं, 'माझ्या आजोबांची अगदी अशीच होती, ते आता नाहीत,' आणि त्याखाली लोक आजोबांसाठी हळहळत बसले. एकानं भिंतीच्या रंगाचा नंबर मागितला. एका तरुणीनं लिहिलं की ती खुर्ची वाट पाहते आहे असं तिला वाटतं. कुणाची, ते तिनं लिहिलं नाही, पण पुष्कळांना पटलं. आणि कुणीतरी लिहिलं, 'जिन्याची रुंदी किती आहे?'

ही शेवटची प्रतिक्रिया मला फार आवडली. म्हटलं, चला, कुणीतरी बारकाईनं बघतंय. मी मोजपट्टी घेऊन गेलो, जिना मोजला आणि सविस्तर उत्तर दिलं. वर कठड्याची उंचीही सांगितली, न विचारता.

बायको दोन दिवस वाकड्या चमच्याबद्दल काही बोलली नाही. मी आरशात स्वतःकडे जरा जास्त वेळ बघू लागलो. खुर्ची बघायला लोक यायला लागले. एक जोडपं आलं आणि आळीपाळीनं बसून फोटो काढून गेलं. तळमजल्यावर राहणारे आमचे सचिव मला म्हणाले, "तुमच्यामुळे इमारतीचं नाव झालं." जिन्यात त्यांचं पाऊल वर्षातून दोनदा पडतं, त्यामुळे ते उदार होते. आई मात्र म्हणाली, "काल मी बसायला गेले तर एक बाई म्हणाली, आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

आणि मग एका संध्याकाळी, आई बागेत गेलेली असताना, अग्निशमन खात्याचे एक अधिकारी दोन माणसं घेऊन आले. हसतमुख गृहस्थ. दारातच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मीच तो. जिन्याच्या रुंदीचा प्रश्न विचारणारा."

"अरे वा, या, या. चहा घ्या."

"चहा नको. पोस्ट फार छान होती तुमची. मी घरी सगळ्यांना दाखवली." मग त्यांनी कागद काढला. "जिन्यात अडथळा आहे. तुम्ही दिलेल्या मापांप्रमाणे तर चांगलाच आहे. खुर्ची उचलावी लागेल."

मी म्हटलं, "अहो, माझी आई बसते तिच्यावर."

"असं का? मग तुमची आहे का खुर्ची? तसं असेल तर प्रश्नच नाही. मालकाला कळवायचं, मुदत द्यायची, असा नियम आहे."

"माझीच समजा."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, माझीच पोस्ट माझ्यापुढे धरली आणि बोटानं एकेक शब्द दाखवत वाचलं. 'ती कुणाचीच नाही.' माझं नाव वर, माझा हसरा फोटो शेजारी. "बेवारस वस्तूला मुदत नसते," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. दोन माणसांनी खुर्ची उचलली. जाताना अधिकारी म्हणाले, "पुढची पोस्ट कधी?"

आई बागेतून परतली तेव्हा मी जिन्यात उभा होतो. रिकाम्या कोपऱ्याकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी एका बाजूनं धरलं, तिसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरांनी दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि आम्ही तिला वर आणलं. घरात आल्यावर ती पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्यापासून मी नाही जायची." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई बाकावर वाट बघून कंटाळल्या आणि आमच्या खिडकीखाली आल्या. चौथ्या मजल्यावरून आई आणि रस्त्यावरून मास्तरीणबाई, असा संवाद सुरू झाला. मास्तरीणबाईंचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तीही ओरडून बोलते.

"अगं, आली का नाहीस?"

"खुर्ची गेली."

"कुठे गेली?"

"आमच्या ह्यानं घालवली. फोटो काढला."

"का म्हणे?"

"लोकांनी वा वा करावं म्हणून."

रस्त्यावरचा फळवाला वर बघायला लागला. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी कपडे वाळत घालणं थांबवलं. मी खिडकी लावायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे उघडी, तिला ऐकू येत नाही." हे रोज व्हायला लागलं. खुर्चीचा विषय संपला की माझं पोट, माझी न झालेली बढती, लहानपणी मी शाळेत न जाण्यासाठी काय काय सबबी सांगायचो, असे विषय निघत. मास्तरीणबाई त्यावर खालून शिक्षक म्हणून मत देत. कचेरीतून परतताना फळवाला आता आपुलकीनं विचारायचा, "पोट कसं आहे, साहेब?"

याच सुमारास मला आणखी एक गोष्ट दिसू लागली. जिना जिथे वळतो तिथे माणसं थांबायला लागली होती. ऑडिटर तिथल्या भिंतीवरचा एक तडा रोज तपासत. दुसऱ्या एक बाई पिशव्या खाली ठेवून खिडकीच्या गजांना हात लावून बघायच्या. मी स्वतः तिथे बुटाची नाडी बांधतो. हे सगळे लोक, 'आम्हाला काय, आम्ही धावत चढतो' म्हणणारे, आजूबाजूला कुणी नसताना त्या खुर्चीवर टेकत होते. पण हे म्हणणार कोण?

म्हणून मी इमारतीची सभा बोलवायला लावली. सचिवांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले.

ऑडिटर म्हणाले, "माझा प्रश्न नाही. मी दोन दोन पायऱ्या घेतो. पण मातोश्रींसाठी काहीतरी झालं पाहिजे."

पिशव्यावाल्या बाई म्हणाल्या, "मलाही गरज नाही हो. पण यांच्या आईसाठी."

एकेक करून सगळे आईसाठी बोलले. मग मी विचारलं, "इमारतीला खुर्चीची गरज आहे असा अर्ज करू या का? सगळ्यांच्या सह्या घेऊन?" तर सगळे पंख्याकडे बघायला लागले. सही करायची म्हणजे दम लागतो हे कबूल करायचं. ऑडिटर म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या मला ते लिहिता येणार नाही." शेवटी सचिवांनी ठराव मांडला की ज्यानं फोटो काढला त्यानंच खुर्ची परत आणावी. तो एकमतानं मंजूर झाला. माझी बायकोही हात वर करून बसली होती.

जप्त केलेल्या वस्तूंचं गोदाम गावाबाहेर होतं. मी सुट्टी टाकून गेलो. दारातच खुर्ची दिसली, कारण गोदामाचे राखणदार तिच्यावर बसले होते.

"ही खुर्ची माझी," मी म्हटलं.

"चांगली आहे," ते म्हणाले, पण उठले नाहीत. "इतकी वर्षं स्टुलावर काढली मी. पाठीला आधार काय असतो ते आता कळतंय. ही त्या फोटोतली ना? कुणाचीच नसलेली?"

"तुम्हीही आहात समूहात?"

"मी 'कमाल आहे' लिहिलं होतं." मग त्यांनी मला समजावलं की मालकी सिद्ध झाली तर ते उठतील, नाही झाली तर लिलावात ती स्वतःच घेणार आहेत. मालकी सिद्ध करायची तर आधी माझं जाहीर विधान मागे घ्यायला हवं. आणि विधान खोटं होतं असं म्हणायचं तर खरं काय ते सांगायला हवं. मी घरी आलो.

घरी आल्यावर मी आईसमोर बसलो आणि हात टेकले. "आई, आता उपाय संपले. ती खुर्ची कुणाची होती हे कुणाला माहीत असेल का गं?"

आई चष्मा पुसत होती. "आपली," ती म्हणाली.

"काय?"

"आपलीच ती. या घरात राहायला आलो तेव्हा सामान तुझ्या बाबांनी एकट्यानं वर चढवलं. हमाल नको म्हणाले. खुर्ची शेवटी आणत होते, तर त्या वळणावर त्यांना दम लागला. तिथेच ठेवली, तिच्यावरच बसले. मग म्हणाले, उद्या नेऊ वर. दुसऱ्या दिवशी बघितलं तर कुणीतरी म्हातारं माणूस तिच्यावर बसलं होतं. मग म्हणाले, राहू दे तिथेच."

"मग आई, आधी सांगायचं नाही का?"

"तू मला विचारलंस कुठे? तू जगाला विचारत होतास. म्हटलं, जग सांगेल."

बायको स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, त्यावरून ती हसत असावी.

मी समूहात दुसरी पोस्ट टाकली. खुर्ची आमचीच आहे, माझ्या वडिलांनी ठेवली होती, मी न विचारता लिहिलं, क्षमस्व. मला वाटलं लोक हेलावतील. पहिली प्रतिक्रिया आली, 'नाव झाल्यावर मालक झाला.' दुसरी, 'आधीचीच गोष्ट चांगली होती.' वाट पाहणाऱ्या खुर्चीवाल्या तरुणीनं लिहिलं की तिचा विश्वासघात झाला आहे. एका गृहस्थांनी ती खुर्ची त्यांच्या मामांची असल्याचा दावा केला आणि पुरावा म्हणून मामांचा फोटो टाकला, खुर्चीशिवाय. भिंतीच्या रंगाचा नंबर मागणारा अजून नंबर मागत होता. जिन्याची रुंदी विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनी तेवढं लिहिलं, 'मी खातरजमा करतो.'

ते आले आणि आईशी बोलले. आईनं त्यांना खुर्चीच्या बैठकीखाली बाबांनी कुठे खिळा ठोकला होता आणि तो कसा वाकडा बसला हे सांगितलं. गोदामात खुर्ची उलटी केली, खिळा वाकडा होता. राखणदार उठले. त्यांनी बैठकीवरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा स्टूल ओढून घेतलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

खुर्ची चौथ्या मजल्यावर आली, आणि तिथे तिचा काही उपयोग नव्हता. आमच्याकडे बसायला खुर्च्या आहेत. आईला ती हवी होती अर्ध्या वाटेवर, आणि तिथे ठेवायला बंदी. मी अधिकाऱ्यांना पुन्हा गाठलं आणि अगदी रडकुंडीला येऊन विचारलं, काही तरी मार्ग काढा.

त्यांनी डोकं खाजवलं. "जिन्यात वस्तू ठेवायची नाही, असा नियम आहे. पण माणसाच्या हातात असलेली वस्तू ठेवलेली नसते. तुम्ही खुर्ची घेऊन चाललात, थांबलात, हात तिच्यावर आहे, तर माझी हरकत नाही. हात सोडला की मात्र अडथळा."

तेव्हापासून माझी नोकरी बदलली असं म्हणायला हरकत नाही. रोज संध्याकाळी मी पुढे खुर्ची घेऊन आणि मागून आई, असे आम्ही उतरतो. वळणावर मी खुर्ची टेकवतो, आई बसते, मी पाठीच्या पट्टीवर हात ठेवून उभा राहतो. मग खाली बागेत. मास्तरीणबाईंना आता ओरडावं लागत नाही, त्यामुळे माझं पोट पुन्हा घरातल्या घरात आलं आहे. त्यांचं बोलणं होईपर्यंत मी बागेच्या फाटकाशी खुर्ची धरून थांबतो. मग परत वर. ऑडिटरांची कचेरी सुटण्याची वेळ योगायोगानं आमच्या वेळेशी जुळू लागली आहे. पिशव्यावाल्या बाईंचा बाजारही. आईचं बसून झालं की, "बघू कशी आहे ती," असं म्हणून ते टेकतात, आणि मी दर वेळी पट्टीवर हात ठेवून उभा असतो. त्यांना उठा म्हणायचं धैर्य मला होत नाही. खुर्ची सागवानी आहे, आणि सागवानी म्हणजे काय हे ती चार मजले उचलल्याशिवाय कळत नाही.

परवा चढताना वळणावर पोचलो तोवर माझा शर्ट भिजला होता. आई बसली. मी उभा राहिलो आणि बुटाची नाडी सुटली आहे का ते बघू लागलो.

"चपला आहेत तुझ्या पायात," आई म्हणाली.

मी खुर्चीच्या पट्टीवर भार टाकला. श्वास नव्हता.

"तुझे बाबा हट्टीच होते," ती म्हणाली. "पण ते बसले होते."

मग ती गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली, एका हातानं कठडा धरला, दुसरा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "मी धरते. बस."

मी बसलो. पायांतून जे काही निघून गेलं ते सांगता येणार नाही. तेवढ्यात खालून पावलं वाजली, ऑडिटर वळणावर आले आणि सवयीनं म्हणाले, "बघू कशी आहे ती."

आईनं हात हलू दिला नाही. "थांबा जरा," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."